मामा, मॅनिफोल्ड काहून फाटते?

जाड पाईप घेऊ नको, हेच भाच्याला आधी सांगितलं. तो ऑस्ट्रेलियात दोन माणसांचं विमान स्वतः बांधतोय. इंजिन माझदाचं १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी आत दोन तिकोनी रोटर फिरणारं, त्यावर टर्बो (बाहेर जाणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप). जमिनीवर चालवतानाच मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला जळका वायू टर्बोपर्यंत नेणाऱ्या पाईपच्या जोडणीला, तडे गेले. फोटो पाठवून म्हणाला, "मामा, हे काहून फाटते? अजून जाड घेऊ का?"

मी हिंगणघाटजवळ फॅब्रिकेशनचं शेड चालवतो. रोज ट्रॅक्टरचे सायलेन्सर आणि थ्रेशर येतात, पण टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात करायचं बारीक वेल्डिंग) मी पुण्यात शिकलो आणि ते काम अजून जिवापाड आवडतं.

या इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नाही, वायू बाहेर जायला नुसतं दार (पोर्ट) असतं. रोटरचं टोक पुढं सरकलं की दार एकदम उघडतं आणि अर्धवट जळता वायू बाहेर झेपावतो. तोही शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला, प्रत्येक रोटरमधून एकदा. चार-स्ट्रोक पिस्टनला दोन फेऱ्यांत एकदाच. वायूचं तापमान ९०० अंशांच्या वर जातं. गाडी पूर्ण ताकद काही सेकंद लावते, विमानाला मोठी ताकद सलग बराच वेळ लावावी लागते.

आता हिशेब बघा. ३०० मिलिमीटर लांब स्टेनलेसचा पाईप ८०० अंशांनी तापला की साडेचार मिलिमीटरच्या आसपास वाढतो. पण ज्या इंजिनाला तो बोल्टने आवळलाय ते पाण्यामुळं १०० अंशांच्या जवळपासच राहतं. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात आणि थंड झाली की ती लाकडाला कचकचून आवळते, तेवढा जोर इथं प्रत्येक उड्डाणाला वेल्डच्या काठावर येतो. जाडी वाढवली की पाईप आणखी ताठ होतो आणि तो जोर जास्तच वाढतो.

म्हणून दोन्ही दारांना वेगवेगळे फ्लँज (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या जाड पट्ट्या), एक सलग पट्टी नाही. दोन पाईप जिथं मिळतात त्याच्या आधी एकेक बेलो, म्हणजे घड्यांचा लवचिक तुकडा. आणि सात-आठ किलोंचा टर्बो मॅनिफोल्डवर लटकू द्यायचा नाही. त्याचा आधार इंजिनाच्या बॉडीवरून घ्यायचा, विमानाच्या फ्रेमवरून मुळीच नाही, कारण इंजिन रबर माउंटवर हलतं. दोन्ही टोकांना रॉड-एंड (वळणारा गोल सांधा) असलेल्या दांड्या लावल्या की वजन पेलतं आणि पाईपला वाढायलाही जागा राहते. कोपऱ्यात मजबुतीला वेल्ड करतात तो त्रिकोणी पत्रा, गसेट, मला अजिबात पटत नाही. तडा नेमका त्याच्या टोकापासून सुरू होतो.

धातूचं म्हणाल तर साधं ३०४ जातीचं स्टेनलेस नको. ४५० ते ८५० अंशांत त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर बसतो आणि तिथंच धातू कमजोर होतो. ३२१ जातीत टायटॅनियम तो कार्बन आधीच पकडून ठेवतं. फिलर, म्हणजे वेल्डमध्ये वितळवायची तार, मात्र ३४७ जातीची, कारण आर्कमध्ये टायटॅनियम बरंचसं जळून जातं. आणि आतून आर्गॉन सोडल्याशिवाय टाका मारायचाच नाही. नाहीतर आत खडबडीत काळी खपली धरते, ती सुटून थेट टर्बाइनवर आदळते.

पाईपवर हीट रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी पट्टी, गुंडाळायची नाही. त्यानं पाईप स्वतःच जास्त तापतो आणि तडाही झाकला जातो. थोडी पोकळी ठेवून पत्र्याची शील्ड लावायची, आणि ती काढून वेल्ड नियमित बघायचे. काऊलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत तडा गेला तर लाल तापलेला वायू इंधनाच्या पाईपवर जातो आणि कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. माझ्या बहिणीचा मुलगा त्यात बसणार आहे, म्हणून यात मी तडजोड करत नाही.

३२१ चा पाईप मुंबईहून मागवलाय. जिगची, म्हणजे वेल्ड करताना तुकडे जागेवर धरणाऱ्या साच्याची, प्लेट कापून झाली आहे. दोन दारांमधलं नेमकं अंतर त्यानं मोजून पाठवलं की टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मारायला घेतो.