मसाल्याला दोन तास, तरंगिणीला अर्धा

मुन्नार धुक्यात गेलं, अलेप्पीची हाउसबोट डासांत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. कोचीबद्दल मात्र लिहिणार, कारण राग अजून उतरलेला नाही. ग्वाल्हेरहून मंगला एक्सप्रेसनं जवळजवळ दोन दिवस हाडं खिळखिळी करून यायचं, आणि टूरवाल्यानं मसाल्याच्या दुकानात दोन तास घालवायचे (कमिशन, दुसरं काय!). नौदलाची जहाजं त्या दिवशी लोकांना बघायला खुली होती. तिथे मात्र, ‘अर्ध्या तासात बस सुटेल.’

राखाडी युद्धनौकांपुढे सेल्फीवाल्यांची झुंबड. मी तडक ‘आयएनएस तरंगिणी’ या नौदलाच्या शिडाच्या प्रशिक्षण जहाजाकडे वळले. पांढरीशुभ्र, तीन डोलकाठ्यांची, 54 मीटर लांब. आराखडा कॉलिन मूडी या ब्रिटिश आरेखकाचा, बांधणी गोवा शिपयार्डची. 1997 मध्ये नौदलात आली आणि 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. त्याआधी नौदलाच्या एकाही जहाजानं ती केली नव्हती. 2012 मध्ये तिच्याच घडणीची ‘सुदर्शिनी’ आली.

‘इंजिन नाही का हो याला?’ वहिनींनी विचारलं. खलाशी नेमका साताऱ्याचा निघाला.

‘आहे की काकू. पण नव्या पोरांना वारा नि लाटा कळायच्या तर शिडंच हवीत.’

शिडं एकूण वीस. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या काठ्या, त्यांना चौकोनी शिडं. ती आवरायला पोरं दोरांच्या जाळीवरून वर चढतात. आडव्या काठीखाली एक दोर ताणलेला असतो, त्यावर पाय रोवायचे, पोट काठीवर टेकवायचं आणि दोन्ही हातांनी कापड ओढून घ्यायचं. कमरेचा पट्टा अडकवलेला असतो, ठीक आहे, पण खाली जहाज डुलतंय! शिवाय ओळीतल्या सगळ्यांनी एकदम ओढलं तरच ते कापड ऐकतं.

कठड्याशी खुंट्यांची रांग, प्रत्येकीवर दोराची वेटोळी. मला सगळे दोर सारखेच दिसले. ‘रात्री काळोखात, पावसात, हाताला कळलं पाहिजे कुठला कशाचा,’ तो म्हणाला.

ग्वाल्हेरात सरदार आंग्र्यांचं घराणं, त्यामुळे कान्होजींच्या गुराबांचा, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांचा, अभिमान आम्हाला आयताच मिळालेला. वाऱ्यावर जहाज हाकायचं म्हणजे काय, हे मात्र आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हाउसबोटीतही लिंबू हुंगत बसलेल्या भाऊजींनी हळूच विचारलं, ‘उलट्या होतात का?’

‘सुरुवातीला होतात की. ओकायचं, तोंड धुवायचं, पाळी आली की वर चढायचं.’

भाऊजी बसकडे निघाले.