दाढेचे दुखणे आणि ॲस्पिरिनची वाट

जुलैमधल्या एका शनिवारी रात्री लालबागच्या आमच्या घरी माझी खालची उजवी दाढ ठणकू लागली. बसून असले की ठणका सोसवत होता. उशीला डोके टेकले की मात्र छातीच्या प्रत्येक ठोक्यासरशी दाढेत घण पडत होते. दाताच्या आतला मऊ गाभा, ज्याला आपण सरसकट नस म्हणतो, तो चहूबाजूंनी टणक भिंतीत कोंडलेला असतो, त्यामुळे सुजल्यावर त्याला फुगायला जागाच नसते आणि आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढला की आतला ताण आणखी चढतो, हे मला सोमवारी दाताच्या डॉक्टरांकडून कळले.

त्या रात्री चाळीतल्या काकूंनी सल्ला दिला, "ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धर, लगेच बधिर होईल." रात्रभर उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानात केमिस्टने गोळ्या देण्याआधी ताप आहे का, दमा किंवा पोटात अल्सर आहे का, असे विचारले, तेव्हा मला ती नसती चौकशी वाटली. वास्तविक पावसाळ्यात ताप डेंग्यूचा असेल तर ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तो प्रश्न अगदी रास्त होता.

गोळी मी गालात धरली. वीस मिनिटांनी ठणका होता तसाच, वर हिरडीची आग. आरशात पाहिले तर गालाच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढा पांढरा, सुरकुतलेला पट्टा उमटला होता. ॲस्पिरिन हे आम्ल आहे. तोंडातल्या नाजूक त्वचेला ते भाजते, आणि त्यातून दाताच्या आतल्या नसेपर्यंत काहीच पोहोचत नाही. गोळीला दाढ कुठे आहे हे ठाऊक नसते. तिला पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या शरीरभर फिरूनच तिथे जावे लागते.

मग चार घास दहीभात खाऊन ३२५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या पाण्यात विरघळवून घेतल्या. पाऊण तासाने ठणका एकदम थांबला नाही, पण लांब गेल्यासारखा झाला, आणि मला पहाटे चारपर्यंत झोप लागली.

सोमवारी डॉक्टरांनी एक्स-रे दाखवत जे समजावले त्यात मला सर्वांत नवल वाटले ते हे की, ॲस्पिरिन म्हणून हे औषध रक्तात फारच थोडा वेळ टिकते. जेमतेम १५ ते २० मिनिटांत त्यातले निम्मे तुटून सॅलिसिलिक आम्ल होते. पण तेवढ्या वेळात ते सायक्लोऑक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) आपल्या रेणूचा ॲसिटाइल गट हा तुकडा कायमचा चिकटवून टाकते, आणि सूज व वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिने तयार करण्याचे विकराचे काम बंद पडते. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिने तयार होऊ देत नाही, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता; गोळी तर १८९९ पासून विकली जात होती! मागे उरलेले सॅलिसिलिक आम्लही थोडे काम करते. नेहमीच्या मात्रेत दोन-तीन तासांत त्यातले निम्मे ओसरते. यकृत त्यातले बरेचसे ग्लायसिन या अमिनो आम्लाशी जोडते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. मात्रा फार वाढवली तर यकृताची ही जोडणी तुंबते आणि औषध साचू लागते, म्हणून ठणका थांबत नाही म्हणून गोळ्यांवर गोळ्या घेत बसणे घातक. शिवाय दाढेतली कीड या सगळ्यात जागच्या जागीच असते.

दाढ उभी चिरली होती, तेव्हा काढणेच आले. "ॲस्पिरिन कधी घेतलीत?" डॉक्टरांनी विचारले. शनिवारी रात्री दोन आणि रविवारी दुपारी एक, असे मी सांगितल्यावर त्यांनी ते फाइलवर लिहून घेतले. ॲस्पिरिनने विकर बंद पडले तरी शरीरातल्या इतर पेशी नवे विकर बनवतात. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) मात्र केंद्रकच नसल्यामुळे त्यांना ते जमत नाही आणि बाद झालेली बिंबिका तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर बादच राहते. तेवढ्यासाठी दाढ काढणे पुढे ढकलण्याची गरज नव्हती, फक्त एक टाका जास्त घालावा लागणार होता.

माझी आई हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी घेते, आणि तिलाही एक दात काढायचा आहे. ती आठवडाभर आधी गोळी थांबवणार होती, हे मी सहज बोलून गेले. डॉक्टरांनी हातातले हत्यार खाली ठेवले. "मनाने अजिबात बंद करू नका म्हणावं. आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. दातातलं रक्त मी इथे दाबून थांबवू शकते."

घरी येताना दाताखाली गॉझ दाबून धरला होता. त्याचा गुलाबी रंग जायला संध्याकाळ झाली, आणि त्या रात्रीच्या दुखण्याला त्यांनी पॅरासिटामॉल लिहून दिली होती. गालातला पांढरा पट्टा आठवडाभर झोंबत राहिला.