पायरी दिसते तिथं नसते

सांगलीच्या गावभागात आत्याचं जुनं घर आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली तेव्हा उचलता आलं ते सगळं माळ्यावर गेलं आणि पाणी ओसरल्यावर, चिखल खरवडून झाल्यावर, सावकाश खाली आलं. त्या उतराउतरीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत झुंबराचे चार लोलक. झुंबर कधीचंच मोडीत गेलेलं. हे चार कुणी राखून ठेवले ते आत्यालाही सांगता येईना. तिनं त्यातला एक धुऊनपुसून स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत दोऱ्यानं टांगला. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमाराला तिच्या फडताळावर रंग उतरतात.

शाळेच्या पुस्तकातला एकच नेटका पट्टा मात्र नाही. झुंबराच्या लोलकाला पैलू पुष्कळ, त्यामुळे तुकडेही पुष्कळ. एक मिठाच्या बरणीवर, एक कॅलेंडरवर, एक थेट आत्याच्या चष्म्यावर. वारा आला की सगळी टोळी भिंतभर पळते.

काच तर खिडकीच्या तावदानालाही आहे. मग रंगांचा मान लोलकालाच का? तर वाकतो प्रकाश दोन्हीकडे. पण तावदानाच्या दोन्ही बाजू समांतर. आत शिरताना जेवढा वाकला तेवढाच बाहेर पडताना उलटा वाकतो, हिशेब चुकता. लोलकाच्या बाजू एकमेकींशी तिरक्या. तिथं पहिलं वाकणं फिटत नाही, उलट दुसऱ्या बाजूला त्यात भर पडते. करामत काचेची आहे त्याहून जास्त तिच्या घडणीची.

आणि वाकायचं कशाला, तर वेग कमी होतो म्हणून. निर्वातात सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत सुमारे 2 लाखांवर येतो. उसाची बैलगाडी डांबरी रस्त्यावरून चिखलाच्या वाटेला तिरकी उतरताना पाहिली असेल, तर पुढचं सांगायला नको. एक चाक आधी रुततं, दुसरं अजून पळतच असतं, आणि गाडी वळते. सरळ समोरून उतरली तर दोन्ही चाकं एकदम रुततात. गाडी मंदावते पण वळत नाही. प्रकाशाचंही तसंच.

पाण्यात हेच थोडं कमी प्रमाणात होतं. लहानपणी हिवाळ्यात, नदी नितळ असताना, आत्या मला घाटावर न्यायची. पाण्याखालच्या पायऱ्या हात लावाव्यात इतक्या जवळ दिसत. "पायरी दिसते तिथं नसते गं, जपून," ती दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी माझा पाय हवेत टाकावा तसा खाली जायचा. वरून पाहिलं तर पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच भासतं. भौतिकशास्त्र मी पुढे कॉलेजात शिकले, पण प्रॅक्टिकल तिथंच झालं होतं.

काचेत सगळे रंग सारखे मंदावत नाहीत, हीच तर गोम. तांबडा त्यातल्या त्यात कमी, जांभळा सर्वांत जास्त. फरक किती? साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, तांबड्याला 1.51, जांभळ्याला 1.53. एवढ्याशा फरकावर सगळं इंद्रधनुष्य उभं!

न्यूटननं अंधाऱ्या खोलीत झडपेला भोक पाडून, लोलकातून ऊन बावीस फुटांवरच्या भिंतीवर पाडलं. आपण रंग बघून हरखतो. तो अडखळला तो पट्ट्याच्या लांबीपाशी. सूर्य गोल, भोक गोल, तर भिंतीवर गोलच पडायला हवं होतं. पडलं ते रुंदीच्या पाचपट लांब. 1672 मध्ये त्यानं हे रॉयल सोसायटीला लिहून कळवलं. रंग आधी पाचच मोजले होते. नारिंगी आणि पारवा मागाहून आले, सात सुरांशी जमावं म्हणून. आमच्या बाईंनी छडी आपटत पाठ करून घेतलेल्या 'तानापिहिनिपाजा'त एका गोऱ्या साहेबाची सरगम दडली आहे, हे तेव्हा कळतं तर पाठांतर सोपं गेलं असतं. पारवा मला आजवर वेगळा दिसलेला नाही. ज्यांना दिसतो त्यांनी खुशाल दिसू द्यावा.

कृष्णेचं पाणी आपल्या घाटावरून पुढे पार गुंटूरच्या कडेनं समुद्राकडे जातं. 18 ऑगस्ट 1868 ला त्या गुंटूरमध्ये यान्सेन नावाचा फ्रेंच माणूस खग्रास सूर्यग्रहणासाठी येऊन बसला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश त्यानं उलगडून पाहिला, तर सलग पट्टा नव्हता, सुट्या झगझगीत रेषा होत्या. तापलेल्या प्रत्येक वायूच्या रेषा आपापल्या ठरलेल्या जागी पडतात, त्यावरून तो ओळखता येतो. त्या ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा सोडियमची असावी असंच आधी वाटलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकयर या खगोल अभ्यासकानं जागा ताडून पाहिली. रेष सोडियमच्या जागेवर नव्हती, जरा सरकलेली होती. ती निघाली तोवर अनोळखी असलेल्या एका वायूची, हेलियमची. पृथ्वीवर तो हाती लागायला 1895 उजाडलं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आधी सूर्यात सापडला आणि मग घरात? माझ्या चष्म्यासारखंच झालं."

परवा गेले तेव्हा ती नवी हळद चाळत बसली होती. एक तुकडा नेमका परातीत पडलेला. तांबड्यापासून हिरव्यापर्यंत सगळं हळदीवर झकास उमटलं होतं, निळ्यापुढचं मात्र जवळजवळ नाहीसं.

"जांभळा कुठं गेला?" मी विचारलं.

आत्यानं तांदळाच्या पिठाचं ताट पुढं सरकवलं. तुकडा पिठावर आला आणि त्याच्या टोकाला जांभळा परत दिसला.

"होता की इथंच," ती म्हणाली, आणि चाळण हातात घेतली.