दुसरा कागद

पहिला ईसीजी छापून झाला होता. अगदी स्वच्छ. वरच्या कोपऱ्यात मशीननं 'नॉर्मल' असं उमटवलंही होतं. हातापायाच्या क्लिपा काढायला मी वाकले आणि तेवढ्यात स्क्रीनवर दोन ठोके वेगळे गेले.

19 वर्षं मी कर्वे रोडवर ईसीजी आणि ट्रेडमिल करते. वैमानिक व्हायला निघालेली मुलं आमच्याकडे नियमित येतात. आधी क्लास टू मेडिकल, मग व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वन. तपासणी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, यादीतले डॉक्टर करतात, आमच्याकडून त्यांना फक्त हृदयाचा आलेख जातो. भीतीनंच मुलांची नाडी शंभरावर गेलेली असते, म्हणून मी त्यांना दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगते.

हा मुलगा फलटणचा, 19 वर्षांचा. पहाटेच्या एसटीनं वडिलांबरोबर स्वारगेटला उतरून आला होता. हातात दुसरीकडे काढलेला एक ईसीजी होता, त्यावर 'अपूर्ण आरबीबीबी' असा शेरा, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या विजेच्या वाटेत थोडा अडथळा. तो पाहून मला संतापच आला, कारण असा कागद आठवड्याला एक तरी येतो. हृदयाची वीज टिपणारे छातीवरचे पहिले दोन बल्ब चौथ्या फासळीखालच्या जागेत लागायला हवेत. गळ्याखालच्या खोबणीतून बोट हाडावरून खाली सरकवलं की एक उंचवटा लागतो. त्याला लागून असते ती दुसरी फासळी. तिथून बोटानं मोजत खाली यायचं. वीस सेकंदांचं काम आहे! पण नजरेच्या अंदाजानं बल्ब दोन बोटं वर चिकटवतात, आलेखात नसलेला दोष उमटतो आणि पोरगं महिनाभर दवाखाने हिंडतं. मी स्पिरिटनं कातडी पुसली, जागा मोजून बल्ब लावले आणि तो आरबीबीबी नाहीसा झाला. वडिलांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

आणि मग ते दोन ठोके.

ईसीजीचा कागद म्हणजे दहा सेकंद. एकेका लीडच्या, म्हणजे हृदयाकडे बघायच्या एकेका कोनाच्या, वाट्याला अडीच सेकंद, खाली एक लांब पट्टी. दिवसाला हृदय लाखभर वेळा धडधडतं, त्यातले दहा-बारा ठोके आम्ही छापतो आणि माणसाचं भवितव्य त्यावर ठरतं. कुठले दहा सेकंद, हे बटण दाबणारीच्या हातात असतं.

मी पुन्हा बटण दाबलं. दुसऱ्या कागदावर असे तीन ठोके सापडले. उभी चढणारी रेघ सुरुवातीलाच तिरकी, जाडसर. त्याआधीच्या छोट्या लहरीच्या सुरुवातीपासून तिथपर्यंतचं अंतर अडीच बारीक चौकोन, म्हणजे 0.10 सेकंद. निदान तीन चौकोन हवेत. ही डेल्टा लहर. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात वीज नेणारी जन्मजात जादा वाट काही हृदयांत असते, त्यामुळे ठोका वेळेआधीच सुरू होतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी 1930 मध्ये हे वर्णन केलं, म्हणून डब्ल्यूपीडब्ल्यू. बहुतेकांना काहीच होत नाही. पण त्या वाटेनं कधी नाडी एकाएकी दोनशेवर जाऊ शकते, आणि ते विमान चालवताना झालं तर...

"थांब बाळा, शर्ट घालू नकोस," मी म्हणाले. वडिलांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथंच त्यांना कळलं. हे मला अजून टोचतं. आधी डॉक्टरांना बोलवायला हवं होतं, चेहरा सांभाळायला हवा होता.

"मॅडम, पहिला कागद चांगला आलाय की," ते हळू आवाजात म्हणाले. "तेवढाच द्या ना. दीड एकर विकायला काढलंय." मुलगा काहीच बोलला नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं बघत तो मोठा झालाय, हे त्यानं झोपल्या झोपल्या मला सांगितलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी लगेच ट्रेडमिल करायला सांगितली. ब्रूस प्रोटोकॉल, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. पहिल्या टप्प्यात डेल्टा येत-जात होती. दुसऱ्या टप्प्यात, ताशी 4 किलोमीटरचा वेग आणि 12 टक्के चढ असताना, नाडी 132 झाली आणि एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्याला डेल्टा पूर्ण गायब. हळूहळू पुसट झाली असती तर त्यावर विसंबता येत नाही. अशी एकदम तुटली, म्हणजे ती वाट वेग पेलत नाही. हे चांगलं लक्षण. मी तो क्षण छापून त्यावर वेळ लिहिली. पोरगं बारा मिनिटं धावलं, पाय कुठं अडखळला नाही.

डॉक्टरांनी ईपी स्टडी, म्हणजे हृदयात बारीक तारा सरकवून विजेच्या वाटा तपासणं, सुचवली आणि गरज पडली तर ती वाट जाळून बंद करता येते, हेही समजावलं. त्यांनी दोघांना समोर बसवून पाऊण तास दिला. हल्ली इतका वेळ कोण देतं? ती तपासणी पुढच्या महिन्यात आहे. उडता येईल की नाही, ते परीक्षक डॉक्टर आणि डीजीसीए ठरवतील.

निघताना वडिलांनी पहिल्या कागदाची झेरॉक्स मागितली. मी दोन्ही कागदांवर वेळ घातली होती, 9.42 आणि 9.44. दोन्हींची झेरॉक्स काढली आणि एकत्र पिन मारून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पिशवीत ठेवताना दुसरा कागद आतल्या बाजूला दुमडला.