गिझरच्या पोटातली कांडी

आमचा आधीचा गिझर पाचव्या वर्षीच खालून ठिबकायला लागला. प्लंबर म्हणाला, ताई टाकी गेली, नवीन घ्या. घेतला. आईकडे सदाशिव पेठेत 14 वर्षं झाली तोच गिझर चालू आहे, आणि आमचा पाचातच गेला? पण तिच्याकडे खडकवासल्याचं पाणी, आमच्याकडे वाघोलीत बोअर आणि टँकर. बादलीत साबण फेसाळत नाही, नळांवर पांढरे थर, डोसा तव्याला चिकटावा तसे चिकटलेले.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात, पाणी तापलं की त्यांचा कार्बोनेट होतो आणि तो सगळ्यात आधी बसतो कुठे, तर जिथे सगळ्यात जास्त गरम तिथे, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर. मग उष्णता पाण्यात नीट जात नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते, बिल वाढतं आणि एक दिवस ती उडते. त्याआधी गिझर सांगतो बरं का, आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. आम्ही तो वर्षभर ऐकला आणि दुर्लक्ष केलं.

पण टाकी गेली ती कॉइलमुळे नाही. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, अॅनोड रॉड म्हणतात, ती स्वतः झिजते म्हणून टाकी गंजत नाही. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. पाच वर्षांत ती एकदाही कोणी उघडून बघितली नव्हती, सर्व्हिसवाल्याने पण नाही, तो यायचा, थर्मोस्टॅट टिचकी मारून बघायचा आणि पैसे घेऊन जायचा.

नवीन गिझर 2 वर्षांचा झाला तेव्हा मी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला समोर बसवून उघडून घेतला. एमसीबी बंद, पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडून आणि खालून इनलेटचा पाइप सोडून टाकी रिकामी, वायरींचा आधी फोटो. अर्धा मग भरून चुन्याच्या खपल्या निघाल्या! आणि कांडी? बोटाएवढी जाड असते ती, आमची आतल्या तारेवर चिकटलेल्या दोन-तीन गाठी एवढीच उरलेली, 2 वर्षांत!! कॉइल लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात ठेवली, वायरीचं टोक वर कोरडं ठेवून, तासभर बुडबुडे येत होते, मग जुना टूथब्रश. इलेक्ट्रिशियन म्हणत होता बाथरूमचं अॅसिड ओतू, पटकन होईल. अजिबात नको, ते खाराबरोबर धातूही खातं. नवीन कांडी, नवीन गॅस्केट, आणि टाकी पूर्ण भरून नळाला पाणी आल्यावरच स्विच, कोरडी कॉइल लगेच जळते.

थर्मोस्टॅट आता 60 च्या आसपास ठेवलाय, त्याहून जास्त तापवलं की खार जास्तच भराभर बसतो, आणि 75 चं पाणी अंगावर घेतं कोण, गार मिसळतोच ना आपण. हो, आणि पाणी किती कडक ते बघायला टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो सगळेच क्षार मोजतो, कडकपणा म्हणजे फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम, तो वेगळा, त्यासाठी थेंब टाकून रंग बदलणारं किट मिळतं.

सोसायटीत आता सॉफ्टनरची, म्हणजे पाण्याचा कडकपणा काढणाऱ्या यंत्राची, चर्चा चाललीय. बसला तर खार थांबेल, पण मऊ केलेल्या पाण्यात कांडी उलट लवकर झिजू शकते म्हणे इलेक्ट्रिशियन, आणि ते खरंच आहे. म्हणून गिझरच्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवलीय, पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत परत उघडायचा.