देह नाही, मग तिथी कुठली?

डिसेंबर जवळ आला की हा प्रश्न ठरलेला. आजोबा १९७१ च्या युद्धात बुडालेल्या ‘खुकरी’ या भारतीय युद्धनौकेवर होते, देह मिळाला नाही, आजीने शेवटपर्यंत काही करू दिलं नाही, आता श्राद्ध करायचं तर कोणत्या दिवशी? शिवाय कुणीतरी सांगितलेलं असतंच, की बारा वर्षं थांबायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहितो.

बारा वर्षांची अट ज्याचा ठावठिकाणाच नाही त्याच्यासाठी आहे. घरातून निघून गेला, पत्र नाही, निरोप नाही, अशा माणसासाठी. बेपत्ता माणसाला मृत धरायची कायद्यातली सात वर्षंही त्याच जातीची. ‘खुकरी’चं तसं नाही. ती कधी, कुठे बुडाली ते ठाऊक आहे: ९ डिसेंबर १९७१, रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर. त्या घटकेला मार्गशीर्ष वद्य अष्टमी होती. वर्षश्राद्ध त्या तिथीला, पितृपक्षात घातचतुर्दशीला, म्हणजे शस्त्राने गेलेल्यांसाठीच्या चतुर्दशीला. झालं उत्तर.

पण मग कुणीतरी हळूच विचारतं, “ते त्याच रात्री गेले कशावरून?”

इथे माझी गाडी अडते. ‘खुकरी’ आणि तिच्यासोबतची युद्धनौका ‘कृपाण’ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या मागावर होत्या. तिसरी जोडीदार ‘कुठार’ बिघाडामुळे मागे राहिलेली. ‘खुकरी’च्या सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर, एक नवी जोडणी तपासली जात होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. सावकाश चालणारं जहाज पाणबुडीला सोपं सावज. शिवाय आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात गरम-थंड थर असतात, त्यांत सोनारच्या लहरी वाकतात, आणि खाली दबा धरलेली पाणबुडी हुकते. ‘हंगोर’ फ्रेंच बनावटीची, तिचे कान लांबचं ऐकणारे. तिचा पहिला टॉर्पेडो ‘कृपाण’वर सुटला आणि फुकट गेला. दुसरा ‘खुकरी’ला लागला. जहाज सुमारे दोन मिनिटांत गेलं. दोन मिनिटांत अंधारात, तिरक्या झालेल्या जहाजात, खालच्या डेकवरून शिडी शोधून अरुंद तोंडातून वर यायचं. एका वेळी एकच माणूस मावतो. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिडीपाशीच अडकलेल्यांबद्दल कुणी विचारत नाही.

“‘कृपाण’ थांबली का नाही?” हेही विचारतात, आवाज चढवून. माणसं उचलायला थांबलेलं जहाज म्हणजे पुढच्या टॉर्पेडोला आमंत्रण. हे उत्तर बरोबर आहे. ते देताना बरं वाटत नाही, हेही खरं.

नौदलाच्याच ‘कच्छल’ने दुसऱ्या दिवशी पाण्यातून ६७ जण उचलले. गेले ते १९४: १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. म्हणजे काहीजण रात्रभर तरंगत राहिले होते. रात्र अंधारी, चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणारा. त्या १९४ मधला कोण जहाजाबरोबर गेला आणि कोण उजाडेपर्यंत पाण्यात होता, हे वेगळं काढता येत नाही. १० तारखेला दिवसा नवमी लागली. मी अष्टमी सांगतो, कारण जहाजाची तिथी तीच. माणसाची तीच, असं छातीठोक सांगवत नाही.

विधीचं मात्र नेमकं आहे. देह नसेल तर पळसाच्या पानांच्या देठांची माणसाची प्रतिकृती करून दहन करतात. पालाशविधी म्हणतात तो हाच. देठ एकूण ३६०. त्यांतले डोक्याला ४०, मानेला १०, बाकीचे छाती, हात, पाय असे वाटायचे. ही वाटणी पोथीगणिक थोडी बदलते, त्यावरून गुरुजींशी भांडू नका. डोक्याच्या जागी नारळ, बांधायला लोकरीचा धागा, वर जवाच्या पिठाचा लेप. चूक मोजण्यात होते. पळसाला पाने तीन, म्हणून लोक १२० देठ आणतात आणि पानं मोजून ३६० भरवतात. मोजायचे असतात देठ. पत्रावळीच्या दुकानातली पानं बिनदेठाची, ती चालत नाहीत. शहरात पळस मिळालाच नाही तर दर्भाची प्रतिकृती शास्त्राला मान्य आहे.

पूर्वी मी बेधडक सांगायचो, विधी उरका, मन मोकळं होईल. दर्भ आणा, एक सकाळ पुरते. आता ते ‘उरका’ मला खटकतं. ज्या बाईने पन्नास वर्षं नारळ जाळू दिला नाही तिला शास्त्र ठाऊक नव्हतं असं समजायचं कारण नाही. उलट कधी वाटतं, हा माझा भाबडेपणा आहे. एकाच्या हट्टापायी घरातल्या बाकीच्यांना नुसतं ताटकळत का ठेवायचं? दोन्ही बाजू पटतात. रोज वेगळी.

विधी नकोच असेल तर दीवला जा. चक्रतीर्थाजवळ १९९९ सालचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ साली नौदलात आलेली दुसरी ‘खुकरी’ही निवृत्तीनंतर, २०२२ पासून दीवलाच आहे. नातवंडं तिच्यावर भाबडेपणाने विचारतात, आजोबा याच बोटीवर होते का? नव्हते. ती वेगळी, हे चढण्याआधीच सांगून ठेवा. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात, म्हणजे शहिदांची नावं कोरलेल्या भिंतींवर, नाव शोधा.

आणि घरात आजी अजून असेल, तर आधी तिला विचारा. गुरुजींसमोर नको, एकटी असताना. ती नको म्हणाली तर पळस आणू नका.