शिरेला धक्का न लावता

टाचेच्या दोन-तीन बोटे वर मागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, तर पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारी अकिलीज कंडरा) जाडसर लागते, सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले लंगडत पडतात आणि थोडे चालले की ती सैल होते; धावणाऱ्यांच्या ओळखीच्या या दुखण्यावर मीही बरीच वर्षे बाम चोळत आलो आहे. जुनाट दुखण्यात मात्र सुजेपेक्षा झीज अधिक असते, शिरेतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची सरळ मांडणी विस्कटलेली असते, आणि बामाची मात्रा तिथवर पोहोचत नाही.

स्वीडनमधील उमेओ येथील अस्थिरोगतज्ज्ञ होकान आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हे दुखणे होते. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेस नकार दिला, तेव्हा शीर तुटली की ती करावीच लागेल अशा हट्टाने त्यांनी वेदना सोसत पोटरीवर भार देणारा व्यायाम सुरू ठेवला. शीर तुटली नाहीच, उलट बरी झाली. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडायची, प्रत्येकी १५ वेळा असे ३ फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, हा त्यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला क्रम आजही उपचारांत अग्रक्रमाने सांगितला जातो आणि माझ्या मते तो पूर्ण केल्याशिवाय शस्त्रक्रियेचा विषयच काढू नये.

व्यायामाचा गुण सर्वांनाच येतो असे नाही. रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत निरोगी शिरेत रक्तप्रवाह जवळजवळ दिसत नाही, तर दुखऱ्या शिरेच्या पुढच्या अंगाला, चरबीला लागून, लाल-निळे ठिपके लुकलुकतात; त्या नव्या बारीक रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूही आलेले असतात. अशांच्या शस्त्रक्रियेत पूर्वी मोठा छेद घेऊन शीरच उघडत आणि खराब भाग काढत, आणि तिथली कातडी पातळ असल्याने जखम भरताना त्रास होई. आल्फ्रेडसन यांच्या पद्धतीत केवळ ती जागा बधिर करून, लहानशा छेदातून, शिरेचा पुढचा पृष्ठभाग चरबीपासून खरवडून मोकळा करतात, म्हणजे त्या नव्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू तुटतात, आणि शेजारची प्लँटारिस ही बारीक कंडरा घासत असल्यास तीही काढतात. मूळ शीर शाबूत राहत असल्याने पायावर भार लवकर देता येतो. निकोला माफुली या दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या पद्धतीत तर चार इवल्याशा छेदांतून जाड धागा शिरेपुढे ओवून करवतीसारखा मागेपुढे ओढतात. बाहेरच्या अंगाची मज्जातंतू दुखावल्यास पावलाच्या कडेला बधिरता येऊ शकते, हे आधीच विचारून घ्यावे.

शीर हाडाला चिकटते नेमके तिथेच दुखत असेल, तर हे सारे गणित बदलते. तिथे टाच पायरीखाली न सोडता सपाट जमिनीपर्यंतच टेकवायची असते.